न मारलेला ठोसा

फार पूर्वी कांपिल्य नगरात सत्यकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने मुष्टियोद्ध्यांच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव पूर्णक. ऐन उमेदीत बारा वर्षे त्याने राजाच्या आखाड्यात हार पाहिली नाही. लोक त्याच्या नावाचा असा पुकारा करीत की नदीपलीकडचे गुराखीही थबकत. पुढे वय झाले, गुडघे कुरकुरू लागले आणि लोक त्याला विसरले. लोकांना जिंकणारा कोणीतरी लागतो. तो कोण, याचे त्यांना फारसे सोयरसुतक नसते.

पूर्णकाला मात्र तो पुकारा विसरता येईना. बाजारात गलका झाला तरी तो मान वळवून पाही.

"लोकांनी नाव घेतलं नाही म्हणून आपल्या घरी काही अडलंय का?" त्याची बायको सुमेधा विचारी.

"घरी नाही. माझं अडलंय," तो म्हणे.

त्या वर्षी उत्तरेकडून कुंभक नावाचा योद्धा आला. पूर्णकाहून हातभर उंच, वीस वर्षांनी लहान. त्याच्यापुढे उभे राहायला कोणी धजेना, तेव्हा पूर्णकाने राजाकडे परवानगी मागितली. दरबारी हसू दाबत होते. शेवटचे एकदा आपले नाव कानावर पडावे, एवढीच त्याची आस होती.

मुठीत कोणी खडा लपवू नये म्हणून लढतीआधी दोघांनी एकमेकांच्या हातांना कातडी पट्टे बांधायचे, अशी तिथली रीत होती. पूर्णकाने उजवा हात पुढे केला. कुंभकाच्या डाव्या अंगाला असलेला तो हात कुंभकाने चाचपडत शोधला. पूर्णक समजला, याचा डावा डोळा गेलेला आहे. अधू डोळ्याच्या माणसाला आखाड्यात उतरू देत नसत, म्हणून त्याने ते लपवले होते.

लढत सुरू झाली आणि पूर्णकाची कणीक तिंबली गेली. दोनदा तो मातीत पडला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा कुंभकाचे डावे कानशील समोर उघडे होते. कानशिलावरचा उजवा ठोसा हाच तर पूर्णकाचा नावाजलेला डाव. पण येणारा ठोसा दिसला की माणूस मान चुकवतो आणि जीव वाचतो. न दिसलेला पुरता बसला असता आणि कुंभक मेला असता. लोक मात्र पूर्णकाच्या नावाने गर्जले असते. त्याला ते हवे होते, फार हवे होते.

त्याने हात खाली घेतला. पुढच्या ठोशाला तो आडवा झाला.

पट्टे सोडताना कुंभक हळूच म्हणाला, "तुम्हाला कळलं होतं. मग मारलं का नाही?"

"तुला दिसलं नसतं, बाबा. आता लढू नकोस. पुढचा कुणी थांबायचा नाही."

पूर्णक बाहेर पडला तेव्हा आखाडा कुंभकाच्या नावाने दुमदुमत होता. वेशीपाशी थांबून त्याने तो गलका विरेपर्यंत ऐकला आणि त्याला रडू आले.

ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आताचा आनंद. सुमेधा ती यशोधरा. कुंभक म्हणजे मागे बसलेला हा सुप्रिय भिक्षू, आणि पूर्णक मीच होतो. त्या पुकाऱ्याची आस मला त्या जन्मी मरेपर्यंत सुटली नाही. आस सुटल्यावर हात आवरणे सोपे असते. ती असताना मी हात आवरला, ती करुणा."