पट्ट्यापल्याडची विभूती

"...मग आता तरी म्हणाल ना बाबा, की मठ राखायला हा केरबा पुरे आहे?"

चिंधीबाबा मठाच्या ओट्यावर बसले होते. ते समोरच्या डोंगराकडे बघत होते. तिथं सकाळपासून वणवा पेटला होता आणि वारं त्याचा धूर इकडं लोटत होतं.

बाबा उद्या भ्रमंतीला निघणार होते. मागं धुनी कुणाच्या हवाली करायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं. केरबाच्या मनात त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. इतर शिष्य भजनात गोड होते म्हणा, पण भजनानं काय वणवा थांबतो?

"चला तर खरं. बघा तरी!"

बाबा उठले.

आणि खोटं कशाला बोला, काम बघण्यासारखंच होतं. केरबानं मठाभोवतीचं गवत मुळासकट खणून तांबडी माती उघडी पाडली होती. बैलगाडी फिरावी एवढा रुंद पट्टा, कुठं काडी म्हणून शिल्लक नाही. कौलांवरचा पाला झाडलेला, वळचणीतली रिकामी घरटी काढलेली, भिंतीला टेकलेली लाकडं लांब नेऊन रचलेली. हातांना घट्टे पडले होते, आणि ते घट्टे बाबांना दिसावेत म्हणून तो बोलताना हात जरा जास्तच हलवत होता.

"आता येऊन दाखव म्हणावं!" त्यानं पट्ट्यावर पाय आपटला. "वणव्याच्या बापाची टाप नाही."

"हं."

केरबाला हे 'हं' अजिबात आवडलं नाही.

खालून हाक आली. उताराच्या पायथ्याशी ठकूबाई धनगरणीचं गवतानं शाकारलेलं घर होतं. ती अंगणात उभी राहून कपाळावर आडवा हात धरून वणवा न्याहाळत होती.

"बाबाऽ, वारं हिकडंच हाय वो! जीव थाऱ्यावर न्हाई माझा!"

"भिऊ नको मावशी!" बाबांच्या आधी केरबाच ओरडला. "मठाला पट्टा मारलाय मी!"

"मठाला मारलाय रं बाबा... आमी हितं खाली हाय न्हवं!"

केरबा हसला. बायामाणसांना धीर कसला तो नसतोच, असं त्याला वाटलं.

बाबा चालता चालता थांबले.

"धुनी कशी आहे?"

"धुनीचं काय विचारता! असा जाळ घालतो की खालच्या गावातनं दिसतो. लोक तिथनं हात जोडतात."

"आणि राख?"

"घरात कण ठेवला नाही. सकाळीच सगळी उपसली. ती डोणीसुद्धा घासून पालथी घातली."

डोणी म्हणजे धुनीजवळची दगडी कुंडी. धुनीतली राख बाबा तिच्यात टाकत आणि मग विसरल्यासारखी पडू देत. केरबाला तो म्हातारपणाचा गबाळेपणा वाटे.

"कुठं टाकलीस?"

"टाकली काय म्हणता, बाबा! विभूती ती. पायदळी येऊ नये म्हणून पट्ट्यापल्याड ठेवली. तिथं कुणाचं पाऊल पडत नाही."

"दाखव."

पट्ट्याच्या खालच्या कडेला, उतारावर, कापलेल्या गवताची भली थोरली रास लोटलेली होती. तिचं टोक थेट ठकूबाईच्या परसापर्यंत गेलं होतं. राशीच्या माथ्यावर पांढरीशुभ्र राख छान लिंपून बसवली होती, आणि वर झेंडूचं एक फूल.

ते फूल दिसल्यावर केरबाला स्वतःचंच कौतुक वाटलं.

बाबा राखेसमोर उकिडवे बसले. दोन्ही तळवे पुढं धरले. चोळले. पुन्हा धरले.

"बाबा... काय करताय?"

"थंडी वाजतेय."

फाल्गुनातली भर दुपार! केरबाच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याला हसू आलं, मग वाईट वाटलं. म्हातारा चळला, त्याच्या मनात आलं, मठ वेळेवर आपल्या हाती येतोय हे बरंच झालं.

"ये, तूही शेक."

आता म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा? केरबा शेजारी बसला. त्यानं हात पुढं केला.

...

हसू ओठांवरच राहिलं.

बाबांनी गवताची एक काडी उचलून राखेत खोचली. काडीच्या बुडातून धुराची बारीक रेघ निघाली.

तेवढ्यात पाठीवर वाऱ्याची झुळूक लागली. खाली ठकूबाईनं टाळ्या पिटल्या.

"फिरलं वो बाबा, वारं फिरलं! आता वरनं खाली सुटलंया. सुटलो आमी! तुमचीच किरपा!"

त्या वाऱ्यानं झेंडूचं फूल उडालं. मागोमाग वरची पांढरी राख उडाली. खाली लालबुंद निखारे होते.

"अगं आई गं!"

केरबा असा धावला की पायातली खडाव कुठं गेली त्याला कळलं नाही. घमेलं आणलं. निखारे, राख, अर्धवट काळं पडलेलं गवत, जे हाताला येईल ते भरून उघड्या तांबड्या मातीवर ओतलं. जिला विभूती म्हणत होता, तीच अनवाणी पायांनी तुडवू लागला. टाक्याचं पाणी घागरीनं आणून ओतलं, पुन्हा तुडवलं, पुन्हा ओतलं. मग राशीत हात घालून ठकूबाईच्या परसापासून वरपर्यंत चाचपत गेला. इतका देखणा पट्टा, त्यावर सगळा चिखल झाला.

ठकूबाई खालून कौतुकानं बघत होती. "लई राबतंय वो पोरगं!" ती म्हणाली.

ते ऐकून केरबाला रडू फुटलं.

उन्हं कलल्यावर तो मठात आला. पायांना फोड आले होते. बाबा धुनीशी बसून झोळीची गाठ मारत होते.

"बाबा, धुनी दुसऱ्या कुणाला द्या. त्या माउलीचं घर आज माझ्या हातनं..."

बाबांनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

मग ते उठले. दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी पालथी डोणी सुलटी केली, आणि झोळीतला धुनीचा चिमटा काढून केरबाच्या पुढ्यात ठेवला.

"पहाटे निघतो मी. धुनीत लाकूड जरा कमी घालत जा."