कोंबड्याने लावलेली बाग

फार दिवस झाले त्याला. यमुताईंच्या अंगणात एक कोंबडा राहायचा. आपण आरवल्याशिवाय सूर्य उगवत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याच्या हाकेला सगळं अंगण उठायचं. फक्त जमिनीलगत पसरलेला चिनी गुलाब उठत नसे.

"अरे, नऊ वाजले! अजून कळ्या मिटलेल्याच?" कोंबडा ओरडायचा.

"ऊन तापलं की उमलतो ना, कोंबडेराव. दहापर्यंत थांबा," चिनी गुलाब जांभई देत म्हणायचा.

एके दिवशी कोंबड्याचं डोकंच फिरलं. त्याने चिनी गुलाब पायांनी उकरून काढला, त्याचे तुकडे तुकडे केले आणि अंगणभर उधळले. यमुताईंनी ते पाहिलं, पण कोंबड्याला हाकललं नाही. तुकड्यांवर थोडी माती सारली, वर पाणी शिंपडलं आणि त्या गालात हसत आत गेल्या.

महिन्याभरात तुकडा न् तुकडा रुजला. एका सकाळी दहाच्या उन्हात अख्खं अंगण गुलाबी झालं. कोंबडा छाती फुगवून कोंबड्यांना सांगू लागला, "बघा, ही बाग मी लावली!"

"अगदी खरं," पायरीजवळचं एक फूल म्हणालं. "मग उद्यापासून जरा हळू आरवा, बाबा. तुमची एवढी लेकरं दहापर्यंत झोपलेली असतात."