एका ढेपेचा सौदा

शहरातून आलेल्या प्राध्यापिकेनं एका खेळासाठी चावडीवर गुळाच्या दहा ढेपा मांडल्या. वाटणी गुऱ्हाळमालक आबासाहेबांनी करायची. त्यांच्याकडे राबणाऱ्या गोजराबाईला ती पटली तर दोघांनी आपापला वाटा न्यायचा, नाहीतर दोघांनी रिकाम्या हातानं घरी जायचं.

दर हंगामाला मजुरांच्या हातावर एकच ढेप टेकवायची आबासाहेबांना सवय. त्यांनी नऊ आपल्याकडे ओढल्या, एक पुढं सरकवली.

"नको," गोजराबाई म्हणाली. दहाही ढेपा परत पोत्यात गेल्या.

"फुकटची ढेप घालवलीस," आबासाहेब उखडले. "काय मिळालं तुला?"

"मालक, मी एक सोडली नि तुम्हाला नऊ सोडायला लावल्या. इतका स्वस्त सौदा जन्मात झाला नव्हता."

दुसऱ्या डावाला आबासाहेबांनी पाच ढेपा पुढं केल्या आणि हळूच विचारलं, "पटतंय न्हवं?"