पास्कोलचे धुतलेले पाय

भाविकहो, मिठागरांच्या काठी वसलेल्या नांदणे गावात त्या काळी इनासबाबा राहत असत. तसे ते चर्चचे फादर, पण गावाच्या तोंडी बाबाच. झग्याला ठिगळे असत आणि हसणे मात्र कोरे करकरीत!

दर पवित्र गुरुवारी बाबा बारा जणांचे पाय धूत, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. गंमत अशी, की निवडलेली माणसे आधी घरीच पाय घासून येत. बाबांसमोर मळके पाय कसे ठेवायचे? पास्कोल तर नारळाच्या शेंडीने टाचा घासून, वर मोजे-बूट चढवून येई. उपवासकाळात त्याने कधी मटणाकडे पाहिले नाही, प्रार्थना चुकवली नाही, आणि हे गावाला कधी विसरूही दिले नाही.

त्या वर्षी बारातला एक जण आजारी पडला, म्हणून बाबांनी मिठागरातून बस्त्यावला बोलावले. बस्त्याव हा पास्कोलचा धाकटा भाऊ. दारूपायी तो आईच्या मयतीलाही पोहोचला नव्हता. तेव्हा पास्कोलने दार लावले ते लावलेच. बस्त्यावने दारू सोडली, मिठागरात राबू लागला, तरी ते उघडले नाही. आजही भावाने तोंड फिरवले तर गाव सोडीन, असे त्याने बाबांना सांगून ठेवले होते.

कामावरून थेट आलेला तो, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेला, बाकाच्या टोकाला पास्कोलशेजारी बसला. पास्कोल जरा दूर सरकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बाबा, ह्याचे पाय धुतलेत तर पुढच्या वर्षी परात नवी घ्यावी लागेल."

दोघे-तिघे हसले. बस्त्याव उठू लागला, तशी बाबांनी खांद्यावर हात ठेवून त्याला बसवले.

एकेकाचे पाय धूत बाबा पास्कोलपाशी आले. पास्कोलने मोजे-बूट काढून पाय पुढे केले. त्यांनी तांब्या कलता केला, पण पाणी येईना. तांब्या काठोकाठ भरलेला, आणि थेंब पडेना! बाबांनी पुन्हा कलता करून पाहिला. तरी तेच.

"पाणी तरी काय करणार, पास्कोल?" बाबा मायेने म्हणाले. "तू सगळं घरीच धुऊन आलास. प्रभूसाठी काही ठेवलंच नाहीस." आणि तांब्या त्याच्या हाती देत म्हणाले, "एकाचे पाय राहिलेत. तू धू."

पास्कोलचा चेहरा पडला. पण सारा गाव बघत होता, नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने पुन्हा मोजे-बूट चढवले, गुडघे टेकले, तांब्या कलता केला, आणि काय धार लागली म्हणता! परात भरली, ओसंडली, पास्कोलचे बूट-मोजे भिजून गेले, तरी धार थांबेना. चिखल गेला तशा बस्त्यावच्या टाचा दिसू लागल्या, मिठाने चिरलेल्या, जागोजागी रक्ताळलेल्या. लहानपणी ह्याच टाचांतले काटे पास्कोलने काढले होते.

"फार झोंबतं का रे?" त्याने विचारले. आईच्या मयतीनंतर भावाशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द.

"आता नाही, दादा," बस्त्याव म्हणाला.

पास्कोलने ओले बूट-मोजे काढून बाजूला ठेवले. "बाबा, माझं अजून काहीच धुतलेलं नाही," एवढेच तो म्हणाला, आणि त्याने भावाच्या पायांवर डोके टेकवले.

भाविकहो, प्रभू आपल्यालाही, आहोत तसे, त्या बाकावर जागा देवो.