चढावरची टकटक

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री राहत असे. ज्ञानी पुरुष म्हटला की लोकांना दाढी आणि शांत मुद्रा लागते. याच्याकडे दोन्ही नव्हतं. हातात पाना, तोंडात कडू बोल. तरी एक शिष्य टिकून होता, कारण नुसता आवाज ऐकून म्हातारा इंजिनाचा रोग सांगे.

एका व्यापाऱ्याची वडिलांच्या वेळची गाडी दुरुस्तीला आली. तापून इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते वाकलं होतं. "हे तू एकट्यानं करायचं," गुरूनं शिष्याला सांगितलं. शिष्यानं हेड घासून सपाट करून आणलं, सगळं जोडलं. सपाटीवर गाडी झकास चालली. मग गुरूला शेजारी आणि व्यापाऱ्याला मागे बसवून त्यानं ती घाटाला लावली. पहिल्याच चढाला आतून टकटक, टकटक.

"काय हो मिस्त्री, आत कोणी सुपाऱ्या फोडतंय का?" व्यापारी म्हणाला.

गाडी बाजूला घेऊन शिष्य एका दमात बोलून गेला, "शेठ, माझ्या हातून इंजिन गेलं. तुम्ही दुसरा मिस्त्री बघा. मी हा धंदाच सोडतो."

"तुला कोणी विचारलं?" म्हातारा खेकसला. "शेठ, याचं मनावर घेऊ नका. खाली चला, चहा घेऊ."

गॅरेजात येताच शिष्य इंजिन उघडायला धावला. म्हाताऱ्यानं हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग नळी लावून गाडीतलं सगळं पेट्रोल काढलं आणि शिष्याच्या मोटारसायकलमध्ये ओतलं. तिची टाकी नेहमीप्रमाणे कोरडीच होती.

"जा, घाटात चक्कर मारून ये. येताना पंपावरून डबाभर ते महागातलं आण, जास्त ऑक्टेनवालं."

इथं माझं नशीब बुडतंय आणि याला फेरफटका सुचतोय, असं शिष्याच्या मनात आलं. पण मोटारसायकल चढ निमूट चढली. कुरकुर नाही. परत येऊन त्यानं नवं पेट्रोल गाडीत ओतलं आणि तिघं पुन्हा निघाले.

पहिला चढ गेला. दुसराही गेला. शिष्य कान टवकारून होता, पण टकटक येईना.

"मी तर काहीच केलं नाही," तो हळूच म्हणाला.

"तेच बरं केलंस. ऐक आता. हेड वाकलं की घासावंच लागतं. घासलं की आतली जागा कमी होते, दाब वाढतो. वर हा चढ. साधं पेट्रोल तेवढा दाब सोसत नाही. ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यात आपलं आपण भडकतं. तीच टकटक. ठिणगी जरा उशिरा पाडून मी टकटक बंद केली असती, पण मग चढाला गाडीचा दम गेला असता. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, असं तुम्हा पोरांना वाटतं. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपली पाळी येईतो गप्प राहायची कुवत. तुझ्या फटफटीत दाबच कमी, तिला साधंच बरं; महागातलं ओतून ती काही उडणार नाही. पेट्रोलात खोट नव्हती, तुझ्या कामातही नव्हती. मेळ नव्हता."

शिष्यानं पुढचं वळण घेतलं.

"आणि मघाशी टकटक दोन ठिकाणी झाली," म्हातारा म्हणाला. "एक इंजिनात, एक तुझ्या तोंडात. शेठ सुपारीचं काय बोलले, तू धंदा सोडून मोकळा."

तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. शिष्य दचकला.

"भिऊ नको, शेठ घोरतायत." म्हाताऱ्यानं खिशातून पेटीची किल्ली काढली आणि पुढे धरली. "उद्या आणखी एक हेड यायचंय. तूच उघड. घे."

शिष्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. अजून एक वळण आणि चढ बाकी होता.

"माथ्यावर पोचल्यावर घेतो," तो म्हणाला.

म्हातारा किल्ली मुठीत धरून बसून राहिला, आणि माथा येईपर्यंत एकदाही खेकसला नाही.