पहिला बार

“पण उस्ताद, नळीवर जर्मनाचं नाव कोरलं, तर कुणाचं काय जातंय?”

दादामियाँ शिकलगार कानस चालवत राहिले. बंदुका घडवण्यातच त्यांचे केस पिकलेले. उजव्या गालावर एक जुना काळा व्रण.

त्यांचा शिष्य तुळाजी जिनगर पेटला होता. पेटणारच. सरदारांची जुनी जर्मन शिकारी बंदूक दुरुस्तीला आली काय, अन् यानं ती बघून बघून तश्शी दुसरी उभी केली काय. तीच आठकोनी नळी, आत तेच पीळ. अक्रोडाच्या दस्त्यावर गाल टेकायला तोच उंचवटा. चापाच्या कुलपावर कोरलेलं सांबर तर असं, की शेजारी ठेवावं तर जर्मनाचंच खोटं वाटावं.

सरदारांचा निरोप आला : जर्मनाचं नाव घाला, दिवाणखान्यात लावतो. नाहीतर गावठी बंदूक घेऊन करू काय?

“बाजार नावावर चालतो, उस्ताद. तूप घेणारा कधी गाय बघायला मागतो?”

उस्ताद हसले. “कोर मग.”

“खरंच?”

“कोर की. पण आपल्या कारखान्याची रीत आहे. नळीत दुप्पट दारू ठासायची, आणि ज्याचं नाव चढणार, त्यानं बंदूक स्वतःच्या गालाला लावून पहिला बार काढायचा... तेव्हा बोलाव तुझ्या जर्मनाला.”

“तो साता समुद्रापलीकडं. मेलाही असेल कधीच.”

“मग पंचाईत आहे.”

“झाडाला बांधतो. दोरीनं चाप ओढतो.”

“नाव झाडाचं घालणार?”

तुळाजीचं डोकं फिरलं. त्यानं बंदूक उचलली, दारू मोजली, पुन्हा तेवढीच ओतली, गजानं ठासली.

“फुटली तर?” उस्तादांनी विचारलं.

“माझी नळी फुटायची नाही.”

उस्ताद पुन्हा कानस चालवू लागले.

तो ओढ्याकडे गेला. बार झाला. झाडावरचे बगळे उठले, धूर पाण्यावर रेंगाळला.

तुळाजी परतला तो गाल दाढेपर्यंत सुजवून. ओठ फुटलेला. नळी मात्र धड, जशीच्या तशी.

त्यानं बंदूक शिकंज्यात धरली, कोरणी उचलली, टोक नळीवर टेकवलं.

हात तिथंच राहिला.

“थांबलास का?” उस्ताद म्हणाले. “कोर ना. फक्त आधी त्या जर्मनाला विचारून घे, गाल फार ठणकतोय का.”