गोरं व्हायला निघालेला प्लग

यंत्रं आपसात बोलायची, हल्लीसारखी नुसती किंचाळायची नाहीत, तेव्हाची गोष्ट.

माळावर शर्यती खेळणारी एक टू-स्ट्रोक गाडी होती. तिचा ठिणगी पाडणारा प्लग चहाच्या रंगाचा, कामाला वाघ. पण एकदा त्यानं डबीतला कोरा प्लग पाहिला, पांढराशुभ्र, आणि ह्याच्या पोटात दुखायला लागलं.

"कार्बोरेटरकाका, पेट्रोल जरा कमी सोडा. मला गोरं व्हायचंय."

काका भिडस्त. नाही म्हणवेना. त्यांनी हात आखडला आणि प्लग खरंच उजळला.

खालून पिस्टन ओरडला, "अरे गोऱ्या! माझं तेल त्या पेट्रोलातूनच येतं. कोरडा पडलो तर जागच्या जागी चिकटेन, मग बस माळावर!"

"तुला माझा रंग बघवत नाही," प्लग म्हणाला.

चढावर गाडी अडखळली. चालवणाऱ्या शेवंतानं इंजिन तिथंच बंद केलं आणि प्लग खोलला. आता कौतुक होणार म्हणून हा ताठ.

"अगं बाई, पांढराफटक! आणखी थोडं पळवलं असतं तर पिस्टन गेलाच होता."

प्लग चपापला. पिस्टनचं कण्हणं त्याला आत्ता कुठं ऐकू आलं.

शेवंतानं काकांचे कान पिळले, पेट्रोल वाढवलं. दोन-चार फेऱ्यांत प्लग परत चहाच्या रंगावर आला.

"काय रे, गोरेपण कुठं गेलं?" पिस्टननं विचारलं.

"डबीतल्याला ठेवलंय," प्लग म्हणाला. "त्याला अजून काम कुठं लागलंय?"